टँकरला दार होतं

सुदाम, तुला जाऊन अजून पंधरवडा झाला नाही, आणि तुझ्या नावाची पाटी रंगाऱ्याकडं गेलीसुद्धा. निळ्यावर पांढरी अक्षरं. कारखान्याच्या बागेला तुझं नाव द्यायचं ठरलंय. तुझ्या शोकसभेत चेअरमननी तसं जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तू असतास तर शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "बघ लेका, मेल्यावर कसा गोड लागतुय म्या ह्यांना."

मला हसू आलं नाही. ज्या बागेच्या फाटकातून तुझ्या पोरीला सात वर्षांत एकदाही आत जाता आलं नाही, त्या बागेला तुझं नाव. संताप संताप झाला. त्यांचा, माझा, आणि खरं सांगतो, तुझाही. मी बोलणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मनातलं मनात ठेवून मी पंचेचाळिशी गाठली. आता ज्याला सांगायचं तो ऐकायला उरला नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. ह्याचाही राग येतोय.

बहात्तरच्या दुष्काळात आपली पुन्हा गाठ पडली ते आठवतं? शाळेत एका बाकावर होतो, पण तू सातवीतून सुटलास आणि मी डिप्लोमा करून ओव्हरसियर झालो. माळावर खडी फोडायचं काम निघालं तेव्हा मी टेप घेऊन ढीग मोजत फिरत होतो आणि तू वहिनीसोबत ढिगावर बसला होतास. चारचौघांत "साहेब" म्हणालास. मी वाकलो तसा डोळा मारून हळूच, "वश्या, टेप जरा सैल धर की. दगूड काय तुज्या बापाचा हाय व्हय?" बाभळीला बांधलेल्या झोळीत सुजाता झोपली होती. पुढं दोनेक वर्षांत तिला ताप आला, आणि उतरला तो पायांतलं बळ घेऊनच उतरला. गावात पोलिओ हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता. वारं गेलं म्हणायचे.

ती खडी कुठल्या रस्त्याला लागलीच नाही. माळावरच पडून राहिली. माळाच्या कडेला सहकारी कारखाना उभा राहिला, कॉलनी झाली, तुझ्या विहिरीवरच्या दोन एकरांत ऊस आला, तू सभासद झालास, आणि राखीव जागेवर संचालक म्हणून निवडूनही आलास. त्यांनी तुला बाग समिती दिली. तू मला कँटीनवर चहा पाजून म्हणालास, "राखीव माणसाला राखीव खातं. साखर त्येंच्याकडं, गुलाब माझ्याकडं. आता तू नकाशा काढ, ओव्हरसियर. पर उभ्यानं काढू नगंस. बसून काढ."

मला वाटलं, चेष्टा करतोयस. तू दुसऱ्या दिवशी भर दुपारी मला बागेसाठी ठरलेल्या माळावर नेलंस आणि म्हणालास, "बूड टेक. हातावर चल. ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत. माझी पोरगी जशी जाती तसा जा, मग मला सांग वाट कुठनं काढायची." सुजाता तेव्हा जमिनीवर बसून हातांच्या जोरावर पुढं सरकायची. सोलापूरहून लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि कुबड्या नंतर आल्या. मी इकडंतिकडं पाहिलं. कॉलनीतल्या दोन बायका थांबल्या होत्या. तू ओरडलास, "ओ बाई, बघा की, सायबाची पँट फाटतीय, फुकट तमाशा हाय!" मी सरकत गेलो. खडीचे कच तळहातात घुसले. मध्यावर आल्यावर कळलं, की एवढ्या मोठ्या माळावर टेकायला एक सावली नाही, पाण्याचा नळ काढला तर तो माझ्या डोक्यावर येईल, आणि वीतभर उंचीची पायरी म्हणजे भिंतच. तू वरून म्हणालास, "कळलं? आता ऊठ आन काढ."

मी काढला. आयुष्यातला चांगला नकाशा तोच. कुठंही पायरी नाही, दाबून बसवलेल्या मुरमाची वाट, हात पुरेल असा नळ. कॉलनीकडून एक रुंद फाटक, आणि ऊसतोड्यांच्या कोप्या आणि तुमची वस्ती होती त्या बाजूनं दुसरं. एका झोक्याला पाठ आणि बांधायला पट्टा. ती पाठ तुझी कल्पना. तू जन्मात देवळाची पायरी चढला नाहीस, पण पोरीला घेऊन सोनारीच्या जत्रेला गेला होतास. तुमच्याच वस्तीतल्या कुणीतरी टोकलं तर म्हणालास, "देवाला न्हाय आलो बाबा, पाळण्याला आलो." तिथल्या पाळणेवाल्यानं काही न विचारता डोक्याचं मुंडासं सोडलं, सुजाताला बैठकीला आवळून बांधलं आणि पाळणा वर नेला. तू मला सांगायचास, "वश्या, वरनं ती मला हाका मारत हुती. मला! वरनं! आजवर खालनंच हाक आली हुती तिची."

आणि मग मी जे केलं ते.

तुझा समज होता, की फाटकातली ती फिरती चक्री चेअरमननी बसवायला लावली. सात वर्षं तू त्यांच्याशी भांडलास. सुदाम, चक्री माझी. मला कुणी सांगितली नव्हती. चेअरमनच्या बंगल्यावर मी नकाशा दाखवायला गेलो होतो. त्यांनी सगळा पाहिला, मान डोलावली आणि एवढंच म्हणाले, "ओव्हरसियर, ह्या मुलखात हिरवं दिसलं की शेळ्या येणार. त्याचं काय?" तिथं बसलेले दोघं-तिघं हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं. प्रश्न खराच होता. आपल्याकडं दुष्काळानं सगळ्यांना हेच शिकवलंय, की पान वाचवायचं असेल तर तोंडं बाहेर ठेवा. मला परभणीच्या बीजफार्मवर पाहिलेलं फाटक आठवलं. मधोमध लोखंडी खांब, त्याला कमरेइतक्या उंचीवर फिरणारे चार आडवे दांडे, दोन्ही बाजूंना दगडी खांब. माणूस दांडा ढकलून एकेक जातो, जनावर अडतं. मी तिथल्या तिथं पेन्सिलीनं रुंद फाटक खोडलं आणि चक्री काढली. दांड्यांखालून शेळी घुसेल म्हणून खाली आणखी चार दांडे काढले. चेअरमन म्हणाले, "वा! डोकं आहे तुम्हाला." आणि मला बरं वाटलं.

कुणी दम दिला नाही. नोकरीची भीती घातली नाही. वस्तीकडचं फाटक त्यांनी खोडलं, तिथं दगडी भिंत घातली, ते पाप त्यांचं. मी फक्त गप्प राहिलो. पण चक्रीच्या वेळी मला सुजाता आठवलीच नाही. हातावर माळ ओलांडलेला माणूस मी, तळहाताचे कच निघून महिनाही झाला नव्हता, आणि मला ती पोरगी आठवली नाही. मी शेळीचा विचार इतका बारकाईनं केला, की खालच्या दांड्यांची उंचीसुद्धा शेळीच्या पाठीवरून धरली. त्याच उंचीला तिच्या कुबड्या अडकतात.

बाग सुरू झाली त्या दिवशी तू तिला नवा फ्रॉक घालून आणलंस. तिनं कुबड्या आधी आत घातल्या, मागून कुणीतरी दांडा ढकलला, तो तिच्या गुडघ्याच्या पट्टीवर बसला आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर पडली. तू तिला उचललंस. तुझा चेहरा मी पाहिला आणि खाली बघितलं. तू मात्र मोठ्यांदा म्हणालास, "चेरमनसाहेब, फाटक पास! पहिली शेळी अडली!" कुणी हसलं नाही. तू तिला उचलून आत नेलं नाहीस, घरी नेलंस. संध्याकाळी माझ्याकडं आलास आणि म्हणालास, "तुझा नकाशा बिघडवला रं भाड्यांनी. तू वाईट वाटून घेऊ नगंस." मी "हं" म्हणालो. माझ्या तोंडातून तेवढंच निघालं.

पुढं दरवर्षी सर्वसाधारण सभेत तू उठायचास. "ते फाटक काढा. शेळ्यांना राखण ठेवा. पोरांनी काय घोडं मारलंय?" चेअरमन माझ्याकडं बघायचे. "ओव्हरसियर, तांत्रिक मत काय?" आणि मी म्हणायचो, "बघावं लागेल." बाहेर आल्यावर लोक तुला म्हणायचे, तुझा दोस्तच तुझ्या बाजूनं बोलत नाही. तू त्यांना सांगायचास, "वश्याचं मन साफ हाय. त्येचं तोंडच बारीक हाय." ह्याचा मला सगळ्यात राग येतो, सुदाम. मन साफ! तू जरा संशय घेतला असतास, गचांडी धरून विचारलं असतंस, तर मी त्याच दिवशी ओकलो असतो. तू मला इतक्या सहज चांगला ठरवून टाकलंस की मला खरं बोलायला जागाच राहिली नाही. का ठाऊक होतं तुला? ठाऊक असून वाट बघत होतास? हे आता कुणाला विचारू?

आणि तो टँकर. लॉनला पाणी घालायला टँकर यायचा, त्याच्यासाठी मागं हे रुंद दार ठेवलेलं, एरवी कुलूपबंद. सुजातानंच शोध लावला. टँकर आत शिरला की त्याच्या मागोमाग ती कुबड्यांवर आत, आणि तिच्या मागं कॉलनीतला आंधळा मधू, कोप्यांतली दोन-तीन उघडी पोरं. टँकर रिकामा व्हायला जेवढा वेळ लागे तेवढी त्यांची बाग. ड्रायव्हर पाण्याची धार बारीक सोडायचा, मुद्दाम. तू कँटीनवर येऊन सांगायचास, "टँकरला दार हाय, माझ्या पोरीला न्हाय. तवा पोरगीच टँकर झाली!" सगळं कँटीन हसायचं. मीही हसायचो. मला सांग, त्यात हसण्यासारखं काय होतं? हसवून हसवून तू त्या मागच्या दाराला सवयीचं करून टाकलंस. मी तुला म्हणायला हवं होतं, सुदाम, हसू नकोस, शिव्या दे.

मग परवाचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, तुझा ऊस वाळला. वस्तीत हंडे रांगेला लागले आणि सभेपुढं विषय आला, की बागेचा टँकर बंद करून वस्तीला द्यायचा का. कॉलनीवाले कुरकुरत होते. सगळ्यात आधी हात तुझा वर गेला. मी समोर बसलो होतो. हात वर असताना तू क्षणभर खिडकीबाहेर बघितलंस. बागेकडं. टँकर बंद म्हणजे मागचं दार बंद, हे तुला कळत होतं. मलाही कळत होतं. दुसऱ्या कुणालाच नाही. सभा संपल्यावर तू नुसता म्हणालास, "पाणी हाय बाबा ते." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तेव्हा तरी म्हणायला हवं होतं, की थांब, समोरचं उपटतो आजच. मी तुला तंबाखू मळून दिली.

आता तुझी शोकसभा सांगतो, कारण ती तू बघितली नाहीस आणि तिथं जे झालं ते दुसऱ्या कुणी तुला नीट सांगणार नाही.

सभा बागेतच ठेवली. वाळलेल्या लॉनवर खुर्च्या, माईक, टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. मांडववाल्याच्या ट्रकसाठी मागचं दार उघडलं होतं. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. सुजाता नंतर वस्तीतल्या पोरांबरोबर आली आणि चक्रीपाशी थांबली. पंधरा वर्षांची झालीय ती. तुझ्यासारखीच हनुवटी पुढं काढून उभी राहते. कुणीतरी धावत गेलं. "आगं, मागनं ये, मागचं उघडं हाय. न्हायतर उचलून घिऊ का?"

ती म्हणाली, "माझ्या आबाच्या सभेला म्या मागच्या दारानं येणार न्हाय. आन मला उचलायला म्या काय खुर्ची हाय?"

ती तिथंच उन्हात उभी राहिली. आत एकेकजण तुझ्यावर बोलत होता. दिलदार होता, हसतमुख होता, मागासांचा कैवारी होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि प्रत्येक वाक्याला मला वाटत होतं, आता कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. मग चेअरमननी ती नावाची घोषणा केली आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी उठलो. चक्रीतून बाहेर आलो. माझ्यासाठी ती किती अलगद फिरली, सुदाम! वंगण घालायची व्यवस्थासुद्धा मीच केली होती.

मी सुजाताला म्हणालो, "पोरी, हे फाटक मी काढलेलं. चेअरमननी नाही. माझ्या डोक्यातलं आहे हे. तुझ्या आबाला कधी सांगितलं नाही." एवढं बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. ओळख नसल्यासारखं. मग म्हणाली, "काका, रडताय का काढताय?"

 मांडववाल्याकडं गेलो, त्याची पहार आणि घण उचलला. तो म्हणाला, "आवो सायेब, काय करताय?" मी म्हटलं, "काम." खांबाच्या बुडाला लोखंडी पट्टी, तिचे बोल्ट गंजून निम्मे झालेले. मी पहार घातली आणि वरून घण हाणला. नेमकी तेव्हाच माईकवरून सूचना झाली, की सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

सगळे उभे राहिले. माना खाली, हात बांधलेले. आणि त्या शांततेत माझा घण. ठण्ण. ठण्ण. चेअरमन मान न हलवता डोळे तिरके करून बघत होते. एकजण ओठांतल्या ओठांत म्हणाला, "ओव्हरसियर हाय." दुसरा, "थांबवा की त्याला." पण थांबवणार कोण? स्तब्धता होती ना! तुझ्या मानासाठी ठेवलेली दोन मिनिटं, ती मोडून कुणाला हलता येईना. सात वर्षांत त्या लोकांना मी पहिल्यांदा गप्प बसवलं. तिसरा बोल्ट तुटला, चौथा उपसला, मांडववाल्यानं न सांगता दांड्यांना खांदा लावला, आणि चक्री मुळासकट आडवी झाली.

सुजाता आत आली. सावकाश, कुबड्या टेकत, कुणाकडं न बघता, खुर्च्यांच्या मधून. तिच्या मागं वस्तीतली पोरं आली. पोरांच्या मागं दोन शेळ्याही आल्या, हे खरं. त्यांतली एक सरळ टेबलापाशी गेली आणि तुझ्या फोटोचा हार ओढून खाऊ लागली. चेअरमन माईकवरच म्हणाले, "बघा! बघा! मी काय सांगत होतो?" वहिनींनी रडता रडता तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

आता कारखान्यानं मला नोटीस दिलीय. मालमत्तेचं नुकसान, सभेचा अवमान. दोन्ही केलंय, नाकारणार नाही. पाटीवाल्यालाही भेटून आलो. वस्तीकडची भिंत फुटेपर्यंत ती पाटी तुझ्या नावानं लागू देणार नाही म्हणालो, लावली तर उपटीन. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. लोक म्हणतात, दोस्ताच्या मरणानं ओव्हरसियरचं डोकं फिरलं. फिरू दे. चांगलं होतं तेव्हा त्यानं काय दिवे लावले?

पण तुला जे सांगायचं आहे ते निराळंच. सभा उठल्यावर सुजाता झोक्यांकडं गेली. मी मागोमाग गेलो. तिन्ही झोके साध्या फळीचे, नकाशातली पाठ कुठल्यालाच बसवलेली नाही. मी खिशातून टेप काढला, म्हटलं, "बस बरं, माप घेतो. पाठ लावून देतो तुला. पट्टाही."

ती फळीला हातसुद्धा न लावता म्हणाली, "माझं झोक्याचं वय हाय का आता, काका?"

सुदाम, ह्याला काय उत्तर देतोस? तू असतास तर काहीतरी उलटं बोलून वेळ मारून नेली असतीस. मला ते येत नाही. तिचं सगळं लहानपण माझ्या हुशारीच्या बाहेर उभं राहून सरलं, आणि ते कुठल्या पहारीनं उपटून परत आणता येत नाही. तू तर माफ केलंस की शिवी दिलीस एवढंही न सांगता निघून गेलास. मी टेप तसाच धरून उभा होतो.

मग तीच म्हणाली, "वस्तीत किसनमामाचं पोरगं हाय, तीन वर्साचं. औंदाच पाय गेलेत. त्येच्या मापानं करा."

आज सकाळी जाऊन आलो. बापानं त्याला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवला. बुडापासून खांद्यापर्यंत टेप लावला की गुदगुल्या होऊन तो कडेला कलंडायचा. पुन्हा बसवला, पुन्हा कलंडला. माप काही नीट मिळालं नाही. उद्या परत जातोय.